बालसंरक्षणाचे राज्यांचे कायदे : शिक्षा वाढते, संमती अडते

पश्चिम बंगालच्या विधानसभेने ३ सप्टेंबर २०२४ रोजी एकमताने संमत केलेले ‘अपराजिता’ विधेयक जुलै २०२५ मध्ये राज्यपालांकडून राज्य शासनाकडे परत आले. त्यातील काही तरतुदींवर केंद्र शासनाने आक्षेप नोंदविले होते. आंध्र प्रदेश विधानसभेने डिसेंबर २०१९ मध्ये संमत केलेल्या ‘दिशा’ विधेयकाचेही कायद्यात रूपांतर होऊ शकले नाही. महाराष्ट्राचे ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले, संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले, वर्षभराने दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि राष्ट्रपतींच्या संमतीची प्रतीक्षा करीत राहिले. पुढे ते मागे घेण्याची भूमिका राज्य शासनानेच मांडली. तिन्ही राज्यांतील सत्ताधारी पक्ष निराळे, प्रसंगही निराळे. परंतु विधेयकांचा गाभा एकच होता. महिला व बालकांवरील लैंगिक अत्याचारांस अधिक कठोर शिक्षा आणि तपास व खटल्यास अत्यल्प मुदत, हा तो गाभा.

विधानसभेने एकमुखाने घेतलेला निर्णय कागदावरच का राहतो, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर राज्यघटनेच्या रचनेत आहे. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया हे विषय सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीच्या पहिल्या दोन नोंदींत येतात. त्यांवर संसद आणि राज्य विधिमंडळ या दोहोंना कायदा करता येतो. मात्र एकाच बाबीवर दोघांचे कायदे परस्परविसंगत ठरले, तर अनुच्छेद २५४ अन्वये संसदेचा कायदा वरचढ राहतो. यास एकच अपवाद आहे. राज्याचे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले गेले आणि त्यांनी त्यास संमती दिली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा लागू होतो. तोही कायमचा नव्हे. संसद पुढे केव्हाही नवा कायदा करून तो निष्प्रभ करू शकते.

बालकांवरील लैंगिक अपराधांच्या बाबतीत संसदेचा कायदा आधीच अस्तित्वात आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, अर्थात पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून देशभर अमलात आहे. त्यातील कलम ४२-अ अन्वये इतर कायद्याशी विसंगती आल्यास पोक्सोचीच तरतूद ग्राह्य धरली जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून बालिकांवरील बलात्काराच्या शिक्षा तिच्यातही आहेत. म्हणजे एखाद्या राज्यास याच अपराधांची शिक्षा वाढवावयाची असेल, तर दिल्लीचा उंबरठा ओलांडल्याविना मार्ग नाही. विधेयक राज्यपालांकडून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते, तेथून संबंधित मंत्रालयांचे अभिप्राय मागविले जातात, आणि मग राष्ट्रपतींपुढे प्रकरण ठेवले जाते. यास किती काळ लागावा, याची कालमर्यादा घटनेत नाही. न्यायालयांनी तशी मर्यादा आखून देणे घटनेस धरून होणार नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले.

केवळ विलंबाला दोष देऊन मात्र भागणार नाही. या विधेयकांतील काही तरतुदी त्यांच्या आशयामुळेच अडचणीत आल्या. ‘अपराजिता’ विधेयकात, बलात्कारामुळे पीडितेचा मृत्यू झाल्यास किंवा ती कायमच्या जाणीवशून्य अवस्थेत गेल्यास, फाशी ही एकमेव शिक्षा ठेवण्यात आली होती. न्यायाधीशास दुसरा पर्यायच न ठेवणारी फाशी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्येच ‘मिठू विरुद्ध पंजाब राज्य’ या प्रकरणात घटनाबाह्य ठरविली आहे. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच फाशी, हा १९८० चा दंडक तर त्याच्याही आधीचा. चार दशकांपूर्वी मिटलेला प्रश्न विधेयकाच्या मसुद्यात पुन्हा उपस्थित होणे हे मसुदा घाईत तयार झाल्याचे लक्षण मानावे लागेल.

त्याच विधेयकातील दुसरा मुद्दा बालसंरक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असूनही त्याची चर्चा फारशी झाली नाही. न्याय संहितेच्या कलम ६५ मध्ये वयानुसार पायऱ्या आहेत. सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारास किमान वीस वर्षांचा कारावास आहे. मुलगी बारा वर्षांखालील असल्यास किमान वीस वर्षांपासून फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते. बंगालच्या विधेयकाने सर्वच बलात्कारांची शिक्षा कमाल पातळीवर नेली आणि हे कलमच वगळले. सर्वांना सारखी कठोर शिक्षा म्हटल्यावर लहान मुलांसाठी वेगळी पायरी उरत नाही. केंद्राच्या आक्षेपांत या वगळणुकीचाही समावेश होता.

राज्यांचे प्रयत्न नेहमीच निष्फळ ठरतात, असेही नाही. काही वेळा ते संमतीपर्यंत पोहोचण्याआधीच केंद्रास हलवितात. मध्य प्रदेश विधानसभेने ४ डिसेंबर २०१७ रोजी बारा वर्षे व त्यांहून कमी वयाच्या मुलींवरील बलात्कारास फाशीची तरतूद करणारे विधेयक संमत केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. मार्च २०१८ मध्ये राजस्थान, हरियाणा आणि अरुणाचल प्रदेश त्याच वाटेने गेले. कठुआ आणि उन्नाव येथील घटनांनी देश हादरल्यावर २१ एप्रिल २०१८ रोजी केंद्राने वटहुकूम काढला, आणि ऑगस्टमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. त्यामुळे राज्यांची विधेयके बाजूला पडली आणि त्यांचा आशय देशाचा कायदा झाला.

या घाईत एक उणीव राहून गेली. मध्य प्रदेशाचे विधेयक आणि २०१८ चा केंद्रीय कायदा हे दोन्ही केवळ मुलींविषयी होते, कारण दंड संहितेतील बलात्काराची व्याख्याच स्त्रीपुरती मर्यादित होती. पोक्सोमध्ये मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. परिणामी वर्षभर अशी स्थिती होती, की दहा वर्षांच्या मुलीवरील अत्याचारास फाशीपर्यंत शिक्षा होऊ शके, आणि त्याच वयाच्या मुलावरील तशाच अत्याचारास जन्मठेपेपर्यंत. पोक्सोत दुरुस्ती होऊन ती १६ ऑगस्ट २०१९ पासून अमलात आली, तेव्हा ही तफावत दूर झाली. अशा प्रवेशी लैंगिक हल्ल्याची किमान शिक्षा तिने सात वर्षांवरून दहा वर्षे केली, आणि पीडित बालक सोळा वर्षांखालील असल्यास वीस वर्षे. बारा वर्षांखालील बालकावर, किंवा नातेवाईक, शिक्षक, पोलीस यांसारख्या विश्वासातील व्यक्तीने केलेल्या गंभीर स्वरूपाच्या हल्ल्यास किमान वीस वर्षे, आणि प्रसंगी मृत्युदंड.

विश्वासातील व्यक्ती हा येथील कळीचा मुद्दा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांची १,६२,४४९ प्रकरणे नोंदविली गेली. त्यांत अपहरण व पळवून नेण्याच्या प्रकरणांचे प्रमाण ४५.७ टक्के, तर पोक्सोखालील प्रकरणांचे ३९.७ टक्के होते. पोक्सोच्या गंभीर प्रकरणांत आरोपी बालकाच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांच्या वर राहिले आहे. काका, शेजारी, शिकवणीचे शिक्षक, घरमालकाचा मुलगा अशीच ही माणसे असतात. घरातीलच माणूस फासावर जाणार, या भीतीने कुटुंब तक्रार दाबून टाकते किंवा मुलाला साक्ष फिरवावयास लावते, हा बालहक्कांच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा जुना आक्षेप आहे. न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या समितीने २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती, हेही येथे लक्षात घ्यावे.

किमान शिक्षा वाढल्याने उद्भवलेला दुसरा पेच सोळा ते अठरा या वयोगटाचा आहे. परस्परसंमतीने जवळ आलेल्या किशोरवयीनांपैकी मुलावर, मुलीच्या पालकांच्या तक्रारीवरून पोक्सोखाली गुन्हा दाखल होतो. तो सिद्ध झाल्यास किमान दहा वर्षांपेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशास नसते. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील आपल्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय अठराखाली आणू नये असे म्हटले. तथापि, अशा प्रकरणांत शिक्षेबाबत न्यायालयास मर्यादित स्वेच्छाधिकार असावा, असेही सुचविले.

गोव्याचा बाल कायदा

राज्याच्या कायद्याने बालसंरक्षणात खरोखर भर कोठे घातली, हे पाहावयाचे तर गोव्याकडे वळावे लागते. मडगावात अनाथ मुलांचा सांभाळ करण्याच्या नावाखाली त्यांचे लैंगिक शोषण करणाऱ्या व परदेशी पर्यटकांना ती मुले पुरविणाऱ्या एका इसमास १९९१ मध्ये अटक झाली. १९९६ मध्ये त्यास जन्मठेप सुनावण्यात आली. त्या खटल्याने कायद्यातील पोकळी उघडी पाडली. बळी पडलेले बहुतेक मुलगे होते, आणि दंड संहितेत मुलग्यांवरील अत्याचारास अनैसर्गिक संभोगाच्या कलमापलीकडे नेमका शब्दच नव्हता. पोक्सो येण्यास तेव्हा सोळा वर्षांचा अवकाश होता.

गोवा विधानसभेने २००३ मध्ये गोवा बाल कायदा संमत केला. त्याने अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी या दोहोंसाठी ‘लैंगिक हल्ला’, ‘गंभीर लैंगिक हल्ला’ आणि ‘निकट नात्यातील शरीरसंबंध’ अशा स्वतंत्र व्याख्या केल्या, त्यांच्या शिक्षा ठरविल्या आणि त्यांसाठी बाल न्यायालय स्थापिले. त्यातील अधिक दूरदर्शी तरतुदी अत्याचार करणाऱ्याविषयी नसून आजूबाजूच्यांविषयी आहेत. हॉटेल किंवा निवासगृहातील खोलीत कुटुंबीय वा रक्ताच्या नातेवाइकांसमवेत राहत असल्याची नोंद असल्याविना बालकास प्रवेश देऊ नये, असे बंधन व्यवस्थापनावर घातले गेले. छायाचित्रे धुऊन देणाऱ्या व्यावसायिकास एखाद्या फिल्ममध्ये बालकांचे अश्लील चित्रण आढळले, तर ते नजीकच्या पोलीस ठाण्यास कळविणे त्याच्यावर बंधनकारक झाले. न कळविल्यास त्यासच कारावासाची तरतूद होती. फिल्म धुण्याचा व्यवसाय आता जवळपास संपला आहे. पण ज्याच्या नजरेस गुन्हा पडतो त्याने गप्प बसणे हाही गुन्हा, हे तत्त्व नऊ वर्षांनी पोक्सोच्या कलम १९ व २१ मध्ये देशभर लागू झाले.

व्यापक व्याख्येची किंमतही गोव्याला मोजावी लागली. या कायद्यातील ‘बाल अत्याचार’ या संज्ञेत शारीरिक, मानसिक व भावनिक दुर्वर्तन, हेळसांड आणि बालकाच्या प्रतिष्ठेस हीन लेखणारे शब्दसुद्धा येतात. त्यामुळे शेजाऱ्यांच्या भांडणात मुलाला बसलेला फटकाही या कायद्याखाली न्यायालयात जाऊ लागला. शाळकरी मुलास दप्तराने मारल्याच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये आरोपीची या कलमातून मुक्तता केली. क्रौर्य, शोषण किंवा अपाय करण्याचा हेतू दिसल्याशिवाय एका फटक्याला बाल अत्याचार म्हणता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

कर्नाटकाची वाट

दुसरे उदाहरण सीमेलगतचे आहे आणि बेळगाव, निपाणी, बिदर येथील मराठी कुटुंबांशी त्याचा थेट संबंध आहे. केंद्राच्या २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार बालविवाह लावणे हा अपराध आहे. परंतु तो विवाह आपोआप रद्द होत नाही. वधू किंवा वर यांपैकी जो विवाहसमयी अल्पवयीन होता, त्याने सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावयाचा असतो. पंधराव्या वर्षी सासरी धाडलेली मुलगी विसाव्या वर्षापूर्वी स्वतःच्या कुटुंबाविरुद्ध न्यायालयात जाईल, अशी अपेक्षा या तरतुदीमागे आहे. ती किती वास्तव आहे, हे ऊसतोडीच्या हंगामापूर्वी बीडसारख्या जिल्ह्यांत लागणारी लग्ने पाहिलेल्यांस सांगावयास नको.

न्यायमूर्ती शिवराज पाटील यांच्या समितीने २०११ मध्ये सादर केलेल्या अहवालाच्या आधारे कर्नाटकाने या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. तीस राष्ट्रपतींची संमती एप्रिल २०१७ मध्ये मिळाली. तेव्हापासून कर्नाटकात लागलेला प्रत्येक बालविवाह आरंभापासूनच शून्यवत मानला जातो. कोणीही न्यायालयात जाण्याची आवश्यकता उरत नाही. बालविवाह लावणाऱ्यांस किमान एक वर्षाची शिक्षा ठरविली गेली आणि पोलिसांनी तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून दखल घ्यावी, असेही कलम घालण्यात आले. ११ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच होय असा निर्णय दिला. त्या निकालपत्रात कर्नाटकाच्या या मार्गाची प्रशंसा असून इतर राज्य विधिमंडळांनीही तो अनुसरणे शहाणपणाचे ठरेल, असे नमूद आहे. महाराष्ट्रात केंद्राचाच मूळ कायदा लागू आहे. त्यामुळे मिरजेत लागलेला बालविवाह न्यायालयाने रद्द करीपर्यंत वैध असतो. चिकोडीत लागलेला तसाच विवाह पहिल्या दिवसापासून विवाहच नसतो.

कर्नाटकाच्या दुरुस्तीस संमती का मिळाली आणि ‘दिशा’ वा ‘शक्ती’स का मिळाली नाही, याचे केवळ राजकीय उत्तर शोधणे अपुरे ठरेल. कर्नाटकाने केंद्राच्या कायद्यातील एक छिद्र बुजविले. बंगाल, आंध्र आणि महाराष्ट्र यांनी मुख्यतः केंद्राने आधीच ठरविलेले आकडे बदलू पाहिले. तपासाच्या मुदतीचेच पाहा. आंध्रच्या विधेयकात तपासास कामकाजाचे सात दिवस आणि खटल्यास चौदा दिवस होते. केंद्राच्या नागरिक सुरक्षा संहितेत बलात्कार व पोक्सोच्या गंभीर अपराधांचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करावयाचा आहे. पोक्सोच्या कलम ३५ नुसार न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष नोंदवावयाची आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावयाचा आहे. आज पाळल्या न जाणाऱ्या मुदती आणखी आखूड केल्याने त्या पाळल्या जातील, असे मानण्यास आधार नाही. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल रखडला, तर सात दिवसांची मुदत कागदावर राहते आणि बचाव पक्षास तपासातील उणिवा मात्र आयत्या सापडतात.

राज्यांच्या अखत्यारीतील गोष्टी

येथे या विषयातील विरोधाभास ठळकपणे दिसतो. शिक्षा वाढविण्याच्या बाबतीत राज्यांचे हात बांधलेले आहेत, आणि नेमकी त्यावरच विधेयके येतात. ज्या गोष्टींना राष्ट्रपतींची संमती लागत नाही, त्यांच्यासाठी विधानसभेत घोषणा दुमदुमत नाहीत. पोक्सोखालील विशेष न्यायालये निर्दिष्ट करणे हे कलम २८ अन्वये उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून राज्य शासनानेच करावयाचे काम आहे. केवळ याच खटल्यांसाठी विशेष सरकारी वकील नेमण्याचा अधिकार कलम ३२ ने राज्यांना दिला आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो महिला पोलीस उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. म्हणजे पुरेशा महिला अधिकारी नेमणे आलेच. तपासापासून निकालापर्यंत मुलासोबत राहणाऱ्या, त्यास प्रक्रिया समजावून सांगणाऱ्या साहाय्यक व्यक्तीची तरतूद नियमांत आहे. तिची निवड, प्रशिक्षण व मानधन यांची व्यवस्था राज्यांनी लावावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिले.

शंभराहून अधिक पोक्सो खटले प्रलंबित असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात केवळ याच खटल्यांसाठी न्यायालय असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून जलदगती विशेष न्यायालयांची केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. तिच्यात एकूण १,०२३ न्यायालये योजिली होती व त्यांपैकी ३८९ केवळ पोक्सोसाठी होती. फाशीचे विधेयक एका दिवसात संमत करणारे पश्चिम बंगाल या योजनेत इतरांच्या तुलनेत उशिरा सामील झाले.

ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरची घटना या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. बालवर्गातील दोन मुलींवरील अत्याचारानंतर लोक रेल्वेमार्गावर उतरले आणि फाशीची मागणी झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा न्यायालयाचा रोख मात्र दुसऱ्याच गोष्टींवर होता. पालकांची तक्रार नोंदविण्यास विलंब का झाला, आणि घटना समजूनही शाळेने पोलिसांना का कळविले नाही, असे प्रश्न न्यायालयाने विचारले. या दोन्ही कसुरींसाठी कायदा आधीच होता. अपराध घडल्याचे ठाऊक असूनही न कळविणाऱ्यास पोक्सोच्या कलम २१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीविषयी न कळविल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. अशा गंभीर अपराधांची खबर नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकासाठी न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये किमान सहा महिन्यांचा सश्रम कारावास आहे. ‘शक्ती’ विधेयकाचे कायद्यात रूपांतर झाले असते, तरी या दोन कलमांची अंमलबजावणी त्याच पोलीस ठाण्याने व त्याच शाळेने करावयाची होती.

राज्याचा वा केंद्राचा, कोणताही नवा कठोर कायदा आला तरी घटनेच्या अनुच्छेद २० नुसार तो अपराध घडला त्या दिवसापासून मागे जात नाही. अपराधाच्या दिवशी जी कमाल शिक्षा लागू असेल, तिच्याहून अधिक देता येत नाही. त्यामुळे १६ ऑगस्ट २०१९ पूर्वी घडलेल्या आणि अद्याप न्यायालयात असलेल्या पोक्सो प्रकरणांत आजही किमान सात वा दहा वर्षांची जुनीच शिक्षा लागू होते. त्या वेळी पहिलीत असलेली मुले आता बरीच मोठी झाली आहेत, आणि त्यांपैकी ज्यांच्या खटल्यांत साक्ष अजून नोंदविली गेलेली नाही, त्यांना पिंजऱ्यात उभे राहून सहाव्या-सातव्या वर्षीचे प्रसंग आठवावे लागणार आहेत.